तेवीस गोळ्या आणि माशाचं डोकं

१

"शिसं कधी खोटं बोलत नाही," नाना सबनीस म्हणाले. "माणूस बोलतो, कागद बोलतो, फोटोसुद्धा बोलतो. पण शिसं एकदा थंड झालं की जसं आहे तसं राहतं. चौतीस वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात घालवलीत मी. ही बंदुकीची गोळी आहे. नऊ मिलिमीटर. लिहून घ्या."

हे वाक्य बोलताना नानांच्या अंगात बनियन आणि लेंगा होता, एका पायात स्वतःची चप्पल होती आणि दुसऱ्यात नातीची गुलाबी. चष्मा खाली तिसऱ्या मजल्यावर, वर्तमानपत्रावर राहिला होता. चष्म्याशिवाय नानांना पापलेट आणि बशी यांतला फरक वासावरून ओळखावा लागत असे. पण गच्चीवर जमलेल्यांना हे माहीत नव्हतं, आणि त्या क्षणी नानांनाही ते आठवलं नाही.

आखातातल्या अल कुसैसमधल्या त्या चार मजली इमारतीची ती गच्ची. साल दोन हजार नऊ, मार्च महिना, गुरुवार, सकाळचे साडेनऊ. पाण्याच्या टाकीतला फ्लोट बिघडला म्हणून नातूर, म्हणजे तिकडच्या भाषेत इमारतीचा रखवालदार, हमदुल्ला वर गेला होता. टाकीमागे त्याला गॅसची छोटी शेगडी, काळाकुट्ट झालेला एक तवा आणि दूध पावडरचा डबा सापडला. डब्यात दूध नव्हतं. करड्या रंगाच्या, बोटाच्या पेराएवढ्या, टोकदार अशा तेवीस वस्तू होत्या. भाड्याचे चेक न्यायला त्याच वेळी इमारतीचा मॅनेजर खैरुद्दीन आला होता. तो हैदराबादचा, घाबरट आणि सज्जन. असं एकत्र असलं की माणूस फार त्रासदायक होतो.

"कर्नल साहब, आप देखो," हमदुल्ला म्हणाला होता. नाना कर्नल नव्हते. जावयाकडे दोन महिने राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी हमदुल्लाला 'दारूगोळा' हा शब्द सांगितला. बाकीची बढती हमदुल्लाने परस्पर दिली आणि नानांनी ती नाकारण्याइतका उद्धटपणा केला नाही.

"असली है क्या, साहब?" खैरुद्दीनने विचारलं.

'चष्मा आणून सांगतो' एवढं म्हणण्याची संधी होती. पण अशा संधी आयुष्यात ओळख करून न देताच निघून जातात.

"सोला आने," नाना म्हणाले.

खैरुद्दीनने रुमालाने कपाळ पुसलं. गच्चीची एक चावी हमदुल्लाच्या खोलीत खिळ्यावर असायची, दुसरी गणूकडे. गणू हा इमारतीच्या देखभाल कंपनीचा प्लंबर, रत्नागिरीकडचा, पंपाशेजारच्या खोलीत राहणारा. मंदीत कंपनीने त्याला नारळ दिला होता, नोटिशीचे शेवटचे दिवस चालले होते, पण नशीब असं की रुवैसच्या रिफायनरीत त्याला दुसरी नोकरी लागली होती. रविवारी सकाळी हजर व्हायचं होतं, आणि शनिवारी दुपारची बस होती.

"कंपनी ने उसका पासपोर्ट मेरे ड्रॉवर में रखा है," खैरुद्दीन म्हणाला. "शनिवार बारा बजे तक मालूम नहीं पडा ये किसका है, तो मैं शुरता को फोन करूंगा. मेरी भी बीवी-बच्चे हैं, साहब. खलास."

शुरता म्हणजे पोलीस, हे नानांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. जिना उतरताना चौथ्या पायरीवर त्यांच्या लक्षात आलं की आपण एका माणसाची नोकरी नऊ मिलिमीटरने उडवली आहे.

२

"तुम्हाला कुणी विचारलं होतं?" त्यांची मुलगी साधना म्हणाली.

"खैरुद्दीनने विचारलं होतं."

"नाना, इथे अशा गोष्टीत माणूस एकदा आत गेला की संपलं. नोकरी जाईल, व्हिसा जाईल, आयुष्यभराचा बॅन लागेल. गणूची आई त्या नोकरीवर डोळे लावून बसलीय. तानुबाई. परवा माझ्याच फोनवरून बोलला तो तिच्याशी. म्हातारी मला विचारत होती, 'रूवेस' कुठंशी आलं गो?"

ती टेबल पुसत होती आणि राग फडक्यावर काढत होती. आधीच तिचं डोकं फिरलेलं होतं, कारण दोन आठवड्यांपूर्वी तिची मरून रंगाची लिपस्टिक गेली होती. आयटी कंपनीतला तिचा भाऊ वेदांग अमेरिकेहून घेऊन आला होता ती. संशय धुण्याभांड्याला येणाऱ्या ताजबीवर आला. साधना काही बोलली नव्हती, पण कपाटाला कुलूप लावलं होतं, आणि ताजबीने ते पाहिलं होतं. सोमवारपासून ताजबी आली नव्हती.

नाना खोलीत गेले. चष्मा चढवला. लेंग्याच्या खिशातून त्यांनी गोळी काढली. बावीस खैरुद्दीन घेऊन गेला होता, ही एक 'अधिक तपासासाठी' त्यांनी ठेवून घेतली होती. नात ओवीच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन त्यांनी जाडी मोजली.

बारा मिलिमीटर. वर केसभर.

त्यांनी पट्टी उलटी करून पुन्हा मोजलं. पट्टी शाळेच्या मान्यतेची होती. मग गोळीचं टोक खिडकीच्या उजेडात धरलं. टोक मधोमध नव्हतं. एका बाजूने तिरकं कापल्यासारखं होतं, लिहून लिहून झिजलेल्या खडूसारखं. अशी गोळी बंदुकीतून सुटली तर समोरच्या माणसाला सोडून शेजाऱ्याला भेटायला जाईल.

ही गोळी नव्हती. बंदुकीची तर नव्हतीच.

आता फोन करून तसं सांगायचं. पण खैरुद्दीनने विचारलं, 'मग सकाळी काय पाहिलंत?' तर? आणि 'गोळी नाही तर हे काय आहे?' असं विचारलं तर? तेही नानांना माहीत नव्हतं. नुसतं 'मी चुकलो' म्हणणाऱ्या तज्ज्ञावर कुणी विश्वास ठेवत नाही. लोक पहिल्या वेळीच ठेवतात आणि तो तिथेच ठेवून निघून जातात.

त्यांनी गोळीवर अंगठ्याचं नख ओढलं. साध्या शिशावर नख उमटतं. कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी शिशाची सीलं दाबली होती, हे त्यांच्या बोटांना डोळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. इथे नख घसरलं. याचा अर्थ शिसं कडक, काहीतरी मिसळलेलं.

"आजोबा, व्हॉट आर यू डूइंग विथ माय रूलर?" सुट्टीमुळे घरी असलेल्या ओवीने दारातून विचारलं.

"तपास," नाना म्हणाले.

"ओके, बट पुट इट बॅक."

३

हमदुल्ला म्हणाला, चावी खिळ्यावरून कोण कोण नेतं याचा हिशेब त्याच्याकडे नाही. "सब डिश घुमाने को लेते हैं, साहब. क्रिकेट होता है तो दस आदमी लेता है." पेशावरकडचा तो माणूस इतका सरळ होता की त्याच्यावर संशय घेताना नानांनाच संकोच झाला.

समोरच्या फ्लॅटमधल्या प्रमिलाताईंना मात्र पुष्कळ माहीत होतं. त्या गच्चीवर कुरडया वाळत घालायच्या आणि कुरडयांबरोबर इमारतही.

"धूर येतो ना वर! मी बोलले होते आमच्या ह्यांना. जळका, धातूसारखा वास. माझ्या कुरडयांना लागला तो."

"कधी येतो?"

"साडेअकराच्या सुमाराला. सोमवारी, मंगळवारी, असं कधीही. शुक्रवार-शनिवार नाही. तेव्हाही कुरडया वरच असतात माझ्या, तर वास लागायला नको?"

नाना घरी परतताना थांबले. सकाळी सहाला गणूला कंपनीची पिकअप शारजाच्या साइटवर घेऊन जाते, पाचला सोडते. कामाच्या दिवशी साडेअकराला तो इमारतीत असूच शकत नव्हता. मग त्या वेळी इमारतीत असतं कोण? बायका, हमदुल्ला, आणि स्वतः नाना. पुरुष सगळे कामावर. म्हणजे गुन्हेगार जो कोणी होता, तो जिथे असायला हवा होता तिथे नव्हता.

हे वाक्य नानांना इतकं आवडलं की त्यांनी ते दोनदा मनात म्हटलं, आणि त्याचा अर्थ बघायचं राहून गेलं.

खैरुद्दीनला फोन करून त्यांनी धुराची हकिगत सांगितली. पलीकडून उसासा आला. "साहब, पुलीस को मैं क्या बोलूं? आंटी की नाक गवाह है?"

साडेपाचला गणू आला. पस्तिशीचा, सडपातळ, नळाच्या पान्यासारखे हात. पंपाच्या खोलीत त्याची पेटी अर्धी भरून उघडी पडली होती. साधनाही नानांबरोबर खाली आली होती, गणूसाठी डब्यात पोहे घेऊन.

नानांनी ती वस्तू त्याच्या तळहातावर ठेवली. "हे काय आहे, गणू?"

गणूने ती वस्तू पाहिली. मग साधनाकडे पाहिलं. मग पंपाकडे.

"माझं नाय ते, काका."

"तुझं नाही हे मला माहीत आहे. काय आहे?"

"तुमी गोळी म्हनलात ना? मंग गोळीच आसंल."

"तुझं गाव कुठलं रे?"

"जैतापूर खाडीच्या आंगाक."

"बाप काय करायचा?"

"मच्छी." गणूने डोळे पुसल्यासारखं करून कपाळ पुसलं. "काका, शनवारी मला जाऊंद्या म्हणून सांगा त्यांना. मी काय नाय केलंय. पन मी काय सांगूबी शकत नाय. आयची शपथ घातलीय मला."

"कुणी?"

गणूने पोह्यांचा डबा उघडला आणि त्यात तोंड घातलं. त्या दिवशी त्याच्या तोंडातून पोह्यांशिवाय काही आत गेलं नाही आणि काहीच बाहेर आलं नाही.

४

इमारतीच्या तळाशी टायरचं दुकान होतं. मालक जमाल, मलबारचा, दिवसभर चाकं फिरवून त्यांचा तोल लावायचा. तोल लावायला तो चाकाच्या कडेला छोटी शिशाची वजनं ठोकायचा आणि जुनी काढून बादलीत टाकायचा. नानांनी बादलीतलं एक वजन उचललं आणि त्यावर नख ओढलं.

नख घसरलं.

"जमालभाई, ये कौन ले जाता है?"

"कौन नहीं ले जाता!" जमाल हसला. "कबाडी ले जाता है. एक साब भी आता है. पुराना वेट मांगता है, फुकट. मैं पूछा, क्या करेगा? बोला, हॉबी."

"कैसा दिखता है?"

जमालने दोन्ही हात पुसले, विचार केला. "सब साब मेरे को एक जैसा. टाई पहनता है. टाई पहनके बादली में हाथ डालता है, मेरे को अच्छा नहीं लगा."

"किस वक्त आता है?"

"ग्यारह बजे. जब टाई वाला सब ऑफिस में बैठता है, तब."

नाना घरी आले तेव्हा जावई येऊन पोचला होता. राजन जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कंपनीत एचआरमध्ये होता. सगळीकडे माणसं काढत होते, विमानतळाच्या पार्किंगमध्ये लोक धुळीने माखलेल्या गाड्या किल्ल्यांसकट सोडून जात होते. पण राजनच्या कंपनीत मात्र सगळं ठीक चाललं होतं. तो रोज सातला निघायचा आणि सहाला यायचा, आणि आठवड्यातून दोन-तीनदा मासे घेऊन यायचा. मान उन्हाने तांबूस झालेली, टाय सैल, हातात पिशवी.

"शेरी आहे, नाना. ऑफिसातल्या एकाच्या ओळखीचा कोळी आहे. पंधरा दिरहम."

"पंधरा!" नाना म्हणाले. "म्हणजे दोनशे रुपये. सोमवारी याच मापाची बावीसला आणली होती तुम्ही."

"भाव उतरलाय. रिसेशन."

साधनाने गच्चीची सगळी हकिगत सांगितली. शेगडी, डबा, गोळ्या, शनिवार, गणू. राजन पाणी पीत होता. त्याने ग्लास टेबलावर ठेवला, म्हणजे टेबल जिथे संपतं त्याच्या जरा पलीकडे ठेवला. काचा गोळा करताना तो म्हणाला, "गणूला काही होणार नाही. होईल काहीतरी. इन्शाल्ला."

रात्री जेवणात तो वरणभातावरच उठला. नानांनी मनात टेबलाला दोष दिला.

५

आता एक घरगुती गोष्ट सांगायला हवी, कारण या सबंध प्रकरणाची चावी खिळ्यावर नव्हती, ताटात होती.

सबनीस म्हणजे कायस्थ, आणि कायस्थाच्या घरात माशाचं डोकं ही वाटून खायची गोष्ट नाही. नानांच्या घरी ते वडिलांच्या ताटात जायचं, वडील गेल्यावर नानांच्या ताटात येऊ लागलं. साधनाने हा नियम अल कुसैसमध्येही पाळला होता. राजनला काटे आवडत नसत. त्यामुळे त्याने आणलेल्या माशाचा चेहरा पुन्हा कधी नीट पाहिला नव्हता. तो नानांनीच पाहिला होता, दर खेपेला, जवळून आणि चष्मा लावून.

शुक्रवारी दुपारी कालवणात डोकं आलं. नानांनी ते ताटात घेतलं, उलटं केलं, आणि ओठापाशी थांबले.

वरच्या ओठात, उजव्या कोपऱ्याला, एक भोक होतं. कडा फाटलेल्या.

सोमवारच्या शेरीलाही तिथेच भोक होतं. त्याआधीच्या हमूरलाही. नानांनी तेव्हा फार विचार न करता ठरवून टाकलं होतं की आखाती माशांना तिथे जन्मतः भोक असतं; देश वेगळा, पाणी वेगळं. पण गेल्या आठवड्यात साधनाने स्वतः बाजारातून आणलेल्या पापलेटाला भोक नव्हतं. तोही आखातीच होता.

जाळ्यात सापडलेल्या माशाचा ओठ फाटत नाही. गळाला लागलेल्याचा फाटतो.

नानांच्या ताटात कालवण निवत होतं. भोक असलेला मासा. खाडीकाठचा गणू, ज्याने ती वस्तू हातात घेऊन 'ही गोळी नाही' असं एकदाही म्हटलं नाही. फुकटचं शिसं. साडेअकराचा धूर. अकराला बादलीत हात घालणारी टाय. जिथे असायला हवा तिथे नसलेला माणूस. आणि एसीत बसून बसून रापलेली मान.

नानांनी समोर पाहिलं. समोर राजन भातात बोट फिरवत होता.

"नाना, आवडलं नाही का?" साधनाने विचारलं.

"छान झालंय," नाना म्हणाले. "राजनराव, जेवण झालं की जरा वर याल का? डिश फिरवायची आहे."

"आजोबा, द डिश इज फाइन," ओवी म्हणाली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

६

टाकीच्या सावलीत दोघं बसले. समोर शारजाच्या इमारती, खाली जमालच्या दुकानाचं शुक्रवारचं बंद शटर.

"कधीपासून नोकरी नाही?" नानांनी विचारलं.

राजनने चपलेने गच्चीवरचा एक खडा बाजूला सारला. मग म्हणाला, "जानेवारीच्या अकरा तारखेपासून. आधी माझ्याकडून एकशेचाळीस लोकांना पत्रं द्यायला लावली. शेवटचं पत्र पाकिटात घालायला घेतलं तर त्यावर माझं नाव. एप्रिलअखेरपर्यंत व्हिसा आहे."

"आणि रोज सातला?"

"अल ममझारच्या खाडीवर. पहिले आठ दिवस गाडीत बसून नुसता नोकऱ्यांचे अर्ज करत होतो. एका शुक्रवारी सुट्टी असूनही तिथेच गेलो, तर गणू गळ टाकताना भेटला. म्हणाला, साहेब, बसलाच आहात तर धरा. धरला." तो थोडा हसला. "नाना, गळाला वजन लागतं. दुकानात तीन दिरहमला एक मिळतं, आणि खडकात रोज चार-पाच तुटतात. गणू म्हणाला, आमच्याकडे घरीच ओततात. मग ओतायला लागलो. तव्यात ते काळं, घाणेरडं शिसं वितळतं, वरची राख बाजूला केली ना, की खाली आरशासारखं चकचकीत. दिवसातला तेवढाच एक तास असा असायचा की माझ्या हातून काहीतरी तयार होतंय. पण पहिल्यांदा साचाच नव्हता."

"मग तुम्ही साधनाची लिपस्टिक घेतलीत."

राजनने मान वर केली.

"टोक तिरकं आहे," नाना म्हणाले. "अशा तिरक्या टोकाची बारा मिलिमीटर जाडीची घरात एकच वस्तू असते. मला काल सकाळीच कळायला हवं होतं. तुमच्या सासूबाईंची ड्रेसिंग टेबलावर होती, तिला मी चाळीस वर्षं टॉर्चचा सेल समजत होतो."

"प्लास्टर भिजवून त्यात दाबली. ओलं असताना. साचा सुकला, तापवला, मग शिसं ओतलं. शिसं थंड झाल्यावर मधून ड्रिलने आरपार भोक पाडायचं, दोरी ओवायला. त्या तेवीसना अजून पाडलं नव्हतं. बुधवारी जिन्यात पावलं वाजली, म्हणून सगळं टाकीमागे सारून मी खाली आलो. गणूला सगळं माहीत होतं, त्याला मीच शपथ घातली होती. साधनाला कळू नये म्हणून."

"त्याची नोकरी जाईल, हा विचार नाही केलात?"

"काल रात्रभर तोच करतोय. नाना, त्याचा बायोडेटा मी लिहिला. खाडीवर बसून. रुवैसचा अर्जही मीच भरला. चारशे अर्ज केले मी, त्यात लागलेला एकच, आणि तो माझा नव्हता." त्याने टाकीला डोकं टेकवलं. "साधनाला कसं सांगू?"

नानांकडे यावर सल्ला होता. गंभीर, अनुभवाने भिजलेला, चांगला पाव तासाचा. पण जिन्यात पावलं वाजली आणि साधना दारात उभी राहिली. डिश फिरवायला दोन माणसं इतका वेळ लावत नाहीत, एवढं तिला कळत होतं.

राजनने सांगितलं. सगळं, अकरा जानेवारीपासून. मध्ये नाना पाण्याच्या टाकीवरचं अरबी अक्षर वाचत होते, ते त्यांना येत नव्हतं.

साधना कठड्याला धरून उभी होती. बोलून संपल्यावर ती म्हणाली, "दोन महिने मी तुझा डबा भरत होते. बटाट्याची भाजी तू खाडीवर बसून खात होतास?"

"हो."

"आणि लिपस्टिक?"

"साच्यात अर्धी अडकली. उरलेली गाडीच्या डिकीत आहे."

तिने ओढणीने तोंड पुसलं. डोळे लाल होते, आवाज मात्र सरळ होता. "नोकरीचं आपण बघू. रडायचंही बघू. आधी मी ताजबीला फोन करते. मी तिच्यासमोर कपाटाला कुलूप लावलं." जिन्याशी जाऊन ती वळली. "आणि उद्या खैरुद्दीनला तू सांगायचंस. नानांनी नाही."

"मलाही सांगायचं आहे काहीतरी," नाना म्हणाले. पण ते कुणी ऐकलं नाही.

७

शनिवारी साडेअकराला पंपाच्या खोलीसमोर सगळे जमले. खैरुद्दीनच्या एका खिशात गणूचा पासपोर्ट होता, दुसऱ्यात मोबाइल. कोणता आधी काढायचा हे त्याचं ठरत नव्हतं. प्रमिलाताई कुरडया घेऊन आल्या होत्या, म्हणजे निमित्त घेऊन. गणू आपल्या पेटीवर बसला होता.

राजनने गळाची काठी आणली होती. दोरीला बांधलेली, भोक पाडलेली शिशं आणली होती, आणि प्लास्टरचा साचाही. साच्याच्या खोबणीत आतून मरून डाग होता. साधनाने तो पाहिला आणि फक्त श्वास सोडला. राजनने सगळ्यांसमोर, टाय न लावता, सांगितलं की तो नोकरीवर नाही, आणि हे सगळं त्याचं आहे.

खैरुद्दीनने शिसं हातात घेतलं, दोरी ओढून पाहिली, माशाच्या ओठाची गोष्ट ऐकली. तरी त्याचा चेहरा मोकळा होईना.

"वो सब ठीक है, राजनभाई. लेकिन कर्नल साहब ने खुद बोला, गोली है. नौ मिलिमीटर. साहब चौतीस साल बारूद में थे. मैं किसकी मानूं?"

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. हमदुल्लाने तर जवळजवळ सलाम करून पाहिलं.

नानांनी घसा साफ केला. कारखान्यातून निवृत्त होताना त्यांनी एक भाषण केलं होतं. ते तिथेही कुणाला आवडलं नव्हतं. हे त्याहून अवघड होतं.

"खैरुद्दीनभाई, मैं कर्नल नहीं हूं. दारूगोळा कारखान्यात होतो, हे खरं. पण गोळीच्या खात्यात नव्हतो. मी पेट्यांच्या खात्यात होतो. लकडी की पेटी. गोळ्या ज्यात भरतात ती. फळी सरळ आहे का, खिळा वाकलाय का, पट्टी घट्ट बसलीय का, आणि शेवटी शिशाचं सील. चौतीस वर्षांत मी पेटीच्या आत एकदाही पाहिलं नाही. परवानगी नव्हती. उस दिन चष्मा भी नहीं था. गोली मैंने बनाई, खैरुद्दीनभाई. हा माणूस निर्दोष आहे."

पंप एकदा सुरू झाला आणि आपोआप बंद पडला. हमदुल्लाने हळूच पाय ढिले केले, जवान आराममध्ये उभा राहतो तसे.

मग खैरुद्दीन हसला. आधी नाकातून, मग पोटातून. मोबाइलवाल्या खिशावरून हात काढून त्याने दुसऱ्या खिशातून पासपोर्ट बाहेर काढला आणि गणूच्या हातात ठेवला. "यल्ला, जाओ रुवैस. और राजनभाई, शेगडी छत पे नहीं. नीचे पंप के पास जलाओ, अच्छा है? और एक मछली इधर भी भेजना."

प्रमिलाताई म्हणाल्या, "मी पहिल्यांदाच म्हटलं होतं, धातूचा वास आहे." साधनाला ताजबीचा फोन आला, ती उद्यापासून येणार होती, तिची एक अट होती, कपाटाची चावी तिच्याकडे राहील.

नानांना वाटलं, आता या प्रसंगी दोन शब्द बोलावेत. सत्य कसं शेवटी माशाच्या ओठातून बाहेर येतं, माणसाने जे पाहिलं नाही त्याच्याबद्दल का बोलू नये, आणि शिसं खरंच कधी खोटं बोलत नाही, बोलतो तो चष्मा विसरलेला माणूस. वाक्यं तयार होती. नानांनी छाती भरून घेतली आणि एक हात वर केला.

गणूने पासपोर्ट शर्टाच्या आतल्या खिशात सारला, डोळे पुसले, वाकून नानांच्या पाया पडला. मग अर्धवट मिटलेल्या, चारी बाजूंनी फुगलेल्या आपल्या पेटीकडे बघत हळूच म्हणाला,

"काका, तुमी पेट्यांच्या खात्यात व्हता म्हनालात ना? मंग ही जरा बांधून द्याल काय? दोनची बस हाय, नि सुतळी कमी पडत्येय."